काजळीच्या रंगाचा रकाना

तुम्ही घोड्यांच्या परवान्याच्या कागदाची मागची बाजू छापणं बंद केलंत. कुणाला विचारून? शाई वाचली असेल, कपाटात जागा झाली असेल, वरच्यांनी पाठ थोपटली असेल. पण त्या मागच्या बाजूवर एक घोडी होती, नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत अख्खी, आणि ती तुम्ही एका सहीसरशी पुसलीत. पुढच्या बाजूवर ठेवलंत काय, तर एक रकाना. ‘रंग’. दोन बोटं रुंद. त्या रकान्यात घोडी मावली नाही तेव्हा म्हणालात, घोडीच खोटी आहे.

घोडी खोटी! घोडीला खोटं बोलता आलं असतं तर ती पहिल्याच दिवशी पोट दुखतंय सांगून ओंडक्यापासून सुटली असती.

तुमच्या फायलीत हा सगळा प्रकार तीन ओळींत उरकलाय. आता उरलेला ऐका.

आक्का घोड्यांचे केस कातरायची. हा धंदा असतो, हसू नका. दिवस आखूड व्हायला लागले की घोड्याच्या अंगावर बोटभर लांब केस उगवतात. कुरणात नुसत्या उभ्या असलेल्या घोड्याला ती रजईच. पण कामाच्या घोड्याला तीच रजई जिवावर उठते. ओझं ओढून घाम फुटतो, घाम केसांत मुरतो, वाळता वाळत नाही, आणि वर गार वारा लागला की घोडं खोकायला लागतं. म्हणून अंगाचे केस काढायचे, पायांचे ठेवायचे आणि काम नसेल तेव्हा पाठीवर झूल टाकायची. एकतीस वर्षं आक्का हेच करत आली. आधी हातकात्रीने, मग विजेच्या मशीनने. उजवा खांदा डाव्याहून चांगला दोन बोटं खाली उतरलेला. चावायला आलेल्या घोड्याच्या पोटाखाली ती अशी शिरायची की घोडंच बिचारं अवघडून उभं राहायचं. सगळी आळी तिला आक्का म्हणायची, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला नालबंदसुद्धा.

तिचा सख्खा भाऊ, धाकटा, जंगलाच्या उतारावरून ओंडके ओढून आणायचा. जिथे ट्रॅक्टर उलटतो, तिथे घोडी चालते. त्या घोडीचं नाव काजळी.

काजळीबद्दल बोलताना आक्काचा आवाज बदलायचा. पोटच्या पोरांबद्दल ती कधी चांगलं बोलली नाही, ‘दोघंही बापावर गेलेत’ म्हणून मोकळी व्हायची. पण काजळीचं नाव निघालं की बाई हात पुसून बसायची.

“वर्षाला चार झगे आहेत तिला,” ती सांगायची. “उन्हाळ्याच्या तोंडाशी बघा, कढईच्या बुडासारखी काळपट तपकिरी, आणि तिच्यावर रुपयाएवढे गोल गोल फिकट ठिपके. कुणी ओल्या अंगठ्याने उमटवल्यासारखे. खाणं चांगलं असेल तरच उठतात हो ते. मग ऊन खाऊन खाऊन तांबूस होते. मागच्या पुठ्ठ्यावर तर गंजच चढतो. मग थंडीचे केस येतात, तेव्हा अस्वल. आणि ते झडायला लागले की काही विचारू नका, निम्मी अस्वल, निम्मी राणी.”

केस झडायच्या दिवसांत आक्का अंगणात खरारा करायची आणि केसांचे पुंजके वाऱ्यावर सोडून द्यायची. चिमण्या टपूनच असायच्या. त्या आळीतली सगळी घरटी आतून काजळीच्या केसांची होती. आक्काला ह्याचा फार अभिमान. “अर्ध्या गावाची पिल्लं तिच्या अंगावर वाढतात,” म्हणायची.

हे सगळं घोडीला कोण सांगतं? थंडी नाही. पुष्कळांना वाटतं थंडी पडली म्हणून केस येतात. उजेड सांगतो. दिवस तीळभर आखूड झाला की घोड्याच्या कातडीला तो कळतो, तेव्हा तुम्हीआम्ही अजून पंखे लावून बसलेलो असतो. एक व्यापारी आक्काच्या ओळखीचा होता. भर थंडीत विकायचे घोडे तो तबेल्यात मोठ्ठे दिवे लावून ठेवायचा. कातडीला वाटायचं उन्हाळा आला, आणि घोडे भसाभसा केस टाकून चकचकीत व्हायचे. आक्काने त्याला सरळ विचारलं होतं, “फसवायला गिऱ्हाइकं कमी पडली का तुला, की आता घोड्यांनाही फसवतोस?”

तर असा हा रंग. येणारा, जाणारा. मग घोडं ओळखायचं कशावरून?

हे आक्काला शिकवलं मास्तरांनी. मास्तर तुमच्याच कार्यालयातले, पण जुने. घोड्यांचं वर्णन लिहिणं एवढंच त्यांचं काम. वारून नऊ वर्षं झाली. एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात कोमट पाण्याचं तपेलं घेऊन ते तबेल्यात यायचे. छापील कागद मांडीवर उलटा धरायचे, कारण मागच्या बाजूवर घोड्याची रिकामी आकृती असायची: समोरून तोंड, दोन्ही कुशी, चार पाय. घोड्याचं तोंड ओलं करायचं, भिजलेले केस बोटाने दाबून कातडी बघायची आणि मग आकृती भरायची.

“मास्तर, रंग लिहायचा राहिला,” एकदा आक्का म्हणाली होती. तेव्हा ती परकरी पोर होती आणि तबेल्यात तिला कुणी हाकलत नसे.

“रंग शेवटी,” मास्तर म्हणाले. “रंग पाहुणा आहे. आधी घरातली माणसं लिहू.”

घरातली माणसं म्हणजे अंगावरचं पांढरं आणि भोवरे. कपाळावरची चांदणी, नाकावरचा पट्टा, पायातले मोजे. पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते आणि बाकी अंगाखाली काळी. केस रंगवता येतील, उपटता येतील, कातरता येतील. कातडी रंगवून दाखवा! आणि भोवरे, म्हणजे कपाळावर, मानेवर, छातीवर जिथे केस गोल फिरतात ती जागा. आईच्या पोटातून जिथे येतात तिथेच मरेपर्यंत राहतात.

काजळीची आजी, आई आणि काजळी, तिघींचे केस आक्काने कातरले. तिघींच्या तोंडावर पांढरं. आजीच्या कपाळावर नुसता ठिपका, दुधाचा थेंब सांडल्यासारखा. आईला कपाळापासून ओठापर्यंत पट्टा, तोही वाकडा. काजळीला चांदणी, आणि डाव्या नाकपुडीजवळ बोराएवढा गुलाबी डाग. “पांढरं कापड वारशाने मिळतं,” आक्का म्हणायची, “पण शिंपी प्रत्येक वेळी नवा. कुणाला झबलं, कुणाला नुसता रुमाल.” तिघींच्या डाव्या मागच्या मोज्यात मात्र खुराच्या अगदी वर एक काळा टिपका होता, तिळासारखा. तो पाहिला की आक्काला उगाच भरून यायचं. आजी मरून वीस वर्षं झाली आणि तीळ अजून चालतोय.

आता मुख्य गोष्ट.

केस कातरणाऱ्यांची एक रीत आहे, मास्तरांनीच घालून दिलेली. घोड्याचं अख्खं अंग कातरलं तरी मानेवर डाव्या बाजूला, आयाळीखाली, तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवायचा. त्याला म्हणायचं साक्षीचा केस. कारण घोड्याचा केस टोकाला एका रंगाचा असतो आणि मुळाशी दुसऱ्या. टोकं कापली की खालचा रंग उघडा पडतो. काळपट तपकिरी घोडी मशीनखालून निघते ती उंदराच्या रंगाची होऊन. कुणी विचारलं, ही तीच का, तर आयाळ उचलायची आणि साक्षीचा केस दाखवायचा. एकतीस वर्षांत आक्काने हा तुकडा कधी चुकवला नव्हता.

उतारावर काम करायचा परवाना दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला तपासला जायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी धाकटा आला.

“आक्का, या वेळी निरीक्षक नवा आहे. फार टापटिपीचा म्हणे. गेल्या आठवड्यात एकाला आयाळीत गवताची काडी दिसली म्हणून परत पाठवलं.”

“मग तू आंघोळ करून जा.”

“माझं नाही गं, काजळीचं म्हणतोय.”

“ती तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे. बांध तिला.”

दोन तास मशीन चाललं. आक्काने पोट काढलं, कुशी काढल्या, काखेतल्या वळ्या कातडी ताणून ताणून काढल्या, तोंडावर बारीक पातं लावून कानाच्या कडांपर्यंत हात फिरवला. शेवटी आयाळ उचलली. सगळं अंग ओल्या राखेवर चांदीचा हात फिरवल्यासारखं झालेलं, आणि मानेवर तो एक काळपट केसाळ तुकडा.

“हे तेवढं ठिगळासारखं दिसतंय,” धाकटा म्हणाला. “नको म्हणत नाही मी. आपलं दिसतंय ते सांगितलं.”

आक्काने पाहिलं. खरंच ठिगळासारखं दिसत होतं. आणि बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल? आपली घोडी उद्या परक्या माणसासमोर उभी राहणार. त्याने बोट दाखवायला जागा राहू नये, एवढंच. मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आई तिच्या कपाळावरची बट चौथ्यांदा मागे सारते ना, तसं. मशीन पुन्हा घर्रर्र झालं आणि साक्षीचा केस जमिनीवर पडला.

“आता कशी दिसते!” आक्का दोन पावलं मागे सरून म्हणाली.

दिसत होती देखणीच. ते तुम्हीही नाकारणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा परत आला तो हातात नुसतं दावं घेऊन.

“घोडी?”

“दावं परत दिलं त्यांनी,” तो म्हणाला. “घोडी ठेवून घेतली.”

कागदावर लिहिलं होतं ‘गडद तपकिरी’. समोर उभी होती उंदरी. आणि त्यात आगीत तेल म्हणजे काजळीची एक थोरली बहीण होती, तिच्या कागदावर नेमकं ‘उंदरी’ लिहिलेलं. तिला धाप लागायची म्हणून उताराचा परवाना कधीच मिळाला नव्हता. निरीक्षकाने हिशेब मांडला: चांगल्या बहिणीच्या परवान्यावर आजारी बहीण कामाला जुंपली आहे. थोरली गेल्या उन्हाळ्यात मेली होती. धाकट्याने मेल्याची नोंद दिली होती, स्वतः नेऊन. ती नोंद तुमच्याकडे सापडली नाही. कशी सापडेल?

दहा दिवसांत ओळख पटली नाही तर अकराव्या दिवशी लिलाव. उतारावर चालायला शिकलेली घोडी दुसऱ्या दिवशी कुणाच्याही गाडीला, नाहीतर आणखी वाईट जागी. धाकट्याने हे सांगितलं आणि दावं खुंटीला अडकवलं. “ठिगळ राहू द्यायला हवं होतं” असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. आक्काला दोन शिव्या तरी घालता आल्या असत्या.

ती रात्रभर जागली-बिगली नाही, सरळ झोपली. सकाळी उठून कातरलेल्या केसांचं पोतं खांद्यावर टाकलं. हे केस ती घोड्यांच्या गळपट्ट्यांत भरण्यासाठी राखून ठेवायची. पोतं घेऊन ती तुमच्या कार्यालयात गेली.

निरीक्षक चाळिशीच्या आतला, कॉलरला कडक इस्त्री, टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकायला हवं. वाईट माणूस असता तर काम सोपं होतं.

“हे बघा साहेब,” आक्काने पोत्याचं तोंड उघडलं. “टोक बघा, गडद तपकिरी. मूळ बघा, उंदरी. एकाच केसात दोन्ही रंग.”

त्याने एक केस उचलला, खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला. “खरं आहे,” म्हणाला. मग केस नीट पोत्यात परत टाकला. “पण बाई, हे केस याच घोडीचे कशावरून?”

आक्काने पोत्याचं तोंड बांधलं. प्रश्न बरोबर होता.

“साक्षीचा केस ठेवता ना तुम्ही लोक? आयाळीखाली?” त्याला ठाऊक होतं! “मी मुद्दाम आयाळ उचलून बघितली. नव्हता. एवढी वर्षं ठेवणाऱ्या बाईने नेमका याच वर्षी का नाही ठेवला, हा प्रश्न मला पडला. माझ्या जागी असता तर तुम्हाला नसता पडला?”

“पडला असता,” आक्का म्हणाली. “चूक माझी आहे. छान दिसावी म्हणून कापला. शिक्षा मला करा. मला बांधून ठेवा गोठ्यात, मी चारा कमी खाते.”

निरीक्षकाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

“मागची बाजू काढा कागदाची,” आक्का म्हणाली.

“कसली मागची बाजू?”

त्याने फाइल फिरवून दाखवली. मागची बाजू कोरी, तुमच्यासारखीच. तुम्ही चार वर्षांपूर्वी सगळे कागद नव्याने छापलेत, आणि छापताना फक्त पुढची बाजू घेतलीत. त्या माणसाला आकृती असते हेसुद्धा माहीत नव्हतं. साक्षीचा केस माहीत, आणि आकृती नाही! चूक त्याची? तो नोकरीला लागला तेव्हा तुम्ही ती पुसून बसला होतात.

“जुने मूळ कागद असतील कुठेतरी,” आक्का म्हणाली.

“तळघरात. पण ते काढायचे तर कारण लिहावं लागतं. उद्या तुम्ही तिथला एखादा कागद बघून घोडीवर खुणा जुळवल्यात असं कुणी म्हटलं तर?”

आक्काने पोतं भिंतीशी सरकवलं. “मग असं करा साहेब. आधी तुम्ही काढा. घोडी बघून, तुमच्या हाताने. मग तळघरातला कागद काढा. मी कशाला हात लावणार नाही. फक्त तपेलं धरते.”

तळघराची परवानगी यायला सहा दिवस गेले. मागच्या आवारात काजळी उभी होती. तेवढ्या दिवसांत तिची चमक उतरली होती, झूल वाकडी बांधलेली, पण आक्काचा वास आला आणि तिने असं खिंकाळून आवार डोक्यावर घेतलं की भिंतीवरची कबुतरं उडाली. “हो, हो, आले,” आक्का म्हणाली, “चूक कबूल करूनच आले.” आधी तिने झूल सरळ केली. निरीक्षकाने कोरा कागद पुठ्ठ्याला लावला आणि उंचीने सर्वांत लहान पेन्सिल निवडली.

“घोडा कसा काढतात?” त्याने हळूच विचारलं.

“कसाही काढा. नाव लिहा खाली.”

त्याने काढलेलं तोंड बकरीचं झालं. कान तर सशाचे. आवारातला झाडूवाला येऊन बघून गेला आणि तोंडावर हात ठेवून परत गेला. पण मग आक्काने कोमट पाणी ओतलं. काजळीच्या कपाळावरून पाणी ओघळलं, बारीक कातरलेले केस कातडीला चिकटले, आणि निरीक्षकाची पेन्सिल थांबली.

राखी तोंडावरची ती चांदणी कोरडी असताना कडांना धूसर दिसत होती, पीठ सांडल्यासारखी. भिजल्यावर तिच्या खालून गुलाबी कातडी वर आली, आणि तिच्याभोवती काळी कातडी. कड अशी स्वच्छ की सुईने काढलेली. समुद्राला लागून किनारा असतो, तशी आत-बाहेर जाणारी. उजव्या बाजूला एक खाच, कुणीतरी भाकरीचा घास घेतल्यासारखी.

“हे... हे आधी दिसत नव्हतं,” तो म्हणाला.

“होतं. तुम्ही रंग बघत होतात.”

त्याने खाच काढली. पुसली. पुन्हा काढली, नीट. डाव्या नाकपुडीजवळचा डाग काढला. मग आक्का म्हणाली, “आता बोट फिरवा कपाळावर, वरून खाली. डोळे मिटून.”

त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि घोडीच्या कपाळावर बोट टेकवलं. काजळी मान खाली घालून उभी राहिली. केसांवरून बोट सरकलं, एका जागी अडलं, गोल फिरलं. थोडं खाली गेलं आणि पुन्हा अडलं.

“दोन,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “एकाखाली एक. वरचा उजवीकडे फिरतोय. खालचा... खालचा उलटा. डावीकडे.” डोळे उघडून त्याने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. “सगळ्याच घोड्यांना असं असतं?”

“सगळ्यांना असतात, पण असे फक्त हिला. थोरलीला एकच होता.”

मग तो माणूस थांबलाच नाही. मागच्या पायाशी उकिडवा बसला, इस्त्रीची पँट चिखलात, आणि मोज्यातला तो काळा तीळ शोधून काढला. छातीवरचा भोवरा काढला, मानेवरचे काढले. बकरीच्या अंगावर एका घोडीच्या सगळ्या खुणा भरत गेल्या. दोन तास. आक्काने तीनदा पाणी बदललं. एकतीस वर्षांत तिने हजारो घोड्यांवरून हात फिरवला होता, पण एखादा माणूस पहिल्यांदा घोडं बघतोय, हे ती पहिल्यांदा बघत होती.

तळघरातून दोन पिवळे कागद आले. निरीक्षकाने स्वतः उलटे केले. पहिला थोरलीचा: चांदणी अखंड, नाकपुडी कोरी, कपाळावर एक फुली. दुसरा काजळीचा. मास्तरांची बारीक, टोकदार पेन्सिल. उजव्या कडेला खाच. नाकपुडीजवळ बोर. कपाळावर दोन फुल्या, एकीला उजवा बाण, एकीला डावा. डाव्या मागच्या पायात ठिपका, आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात: ‘आजीचा.’

आक्काला ते अक्षर दिसलं आणि तिने तोंड फिरवून काजळीच्या मानेत खुपसलं. केस टोचले असतील असं झाडूवाल्याला वाटलं.

निरीक्षकाने आपली बकरी मास्तरांच्या घोडीशेजारी ठेवली. एक-एक खूण बोटाने मोजली. मग टेबलाशी गेला. पुढच्या बाजूवर ‘गडद तपकिरी’ होतं. ते खोडून ‘उंदरी’ लिहावं, सही घ्यावी आणि घोडी सोडावी, असा नियम. त्याने पेन उचललंही.

“ते नका लिहू,” आक्का म्हणाली.

“बाई, घोडी सुटतेय तुमची!”

“दोन महिन्यांनी केस वाढतील. ती पुन्हा गडद होईल. मग उंदरीच्या कागदावर गडद घोडी सापडली म्हणून तुम्ही पुन्हा धरणार. आणि मास्तरांनी खोटं लिहिलं होतं यावर माझी सही? हात तोडून ठेवा माझा इथे, तो करेल सही.”

त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग रकान्यात, त्या दोन बोटं जागेत, अगदी बारीक लिहिलं: ‘ऋतूप्रमाणे. मागे पाहा.’ मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःचं चित्र चिकटवलं. शिक्का मारला. आठव्या दिवशीची तारीख घातली. नोकरीत पहिल्यांदा त्याने रकान्यात न बसणारं काहीतरी लिहिलं असेल, कारण नंतर त्याने पाणी मागवून प्यायलं.

काजळी घरी आली. धाकट्याने तिच्या गळ्यात तेच दावं बांधलं आणि आक्काला म्हणाला, “पुढच्या वर्षी ठिगळ ठेव हं.” आक्काने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. साचलेल्या होत्या.

आणि सात आठवड्यांनी तुमचं पत्र आलं. तुमचं, वरून. शिक्का गोल, सही न वाचता येणारी. ‘रंगाच्या रकान्यात एकच रंग लिहावा. चित्र ग्राह्य नाही. संबंधित निरीक्षकास समज देण्यात आली आहे. दुरुस्ती होईपर्यंत परवाना स्थगित.’

पत्र आलं तेव्हा काजळी अंगणात उन्हात उभी होती. दिवस मोठा व्हायला लागला होता आणि तिला ते तुमच्या आधी कळलं होतं. कातरलेल्या राखाडी केसांखालून नवे केस वर येत होते, मानेवर काळपट, कुशीवर तपकिरी, आणि पुठ्ठ्यावर ठिपके उठायला लागलेले. अंगावर तीन रंग एकाच वेळी, आणि उतारावर ओंडके तसेच पडलेले. धाकटा खुंटीवरच्या गळपट्ट्याकडे रोज बघायचा. तिकडे तो निरीक्षक, घोडी बघायला शिकलेला तुमचा एकुलता एक माणूस, ‘समज’ घेऊन गप्प बसला होता.

आक्काने पत्र वाचलं, उलटं केलं. मागची बाजू कोरीच होती. तिने पेन्सिल घेतली आणि कोमट पाण्याचं तपेलं मागवलं. तोंड काढलं, कुशी काढल्या, चार पाय काढले. खाच, बोर, दोन फुल्या, तीळ. आणि खाली लिहिलं:

“तुम्ही विचारता रंग कोणता. मी विचारते, कोणत्या महिन्यातला? सकाळचा की घाम आल्यावरचा? कातरायच्या आधीचा की नंतरचा? घोडी इथे उभी आहे. दोन बोटं जागेत एक रंग लिहायचा तर या, तिच्यासमोर उभे राहा, आणि तुमच्या हाताने लिहा. आणि तो रंग गेला की तुम्ही धरणार कुणाला, तिला की स्वतःला? ज्या माणसाने तिच्याकडे पाहिलं त्याला समज कशाची दिलीत? लेखी कळवा. पुढच्या बाजूला मावलं नाही तर मागे लिहा.”

हे पत्र तुमच्या टेबलावर येऊन तीन महिने झाले. पोचपावती आहे. काजळी एव्हाना गडद तपकिरी झालीय, तुमच्या कागदावर होती अगदी तशी, आणि आता ऊन खाऊन तांबूस व्हायला लागलीय. उत्तर कुठे आहे?